दहा मिनिटांत किराणा : सर्व्हिस नाद खुळा, पण बिल नीट वाचा

कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, हल्ली किराणा ॲपवरनंच मागवतोय. नाव घेत नाही, परदेशी फंडांचा पैसा लागलेल्यांपैकी एक समजा. सर्व्हिसला तोड नाही. रात्री साडेदहाला पाव्हणे टपकले, घरात दूध नाही, बायको माझ्याकडं बघतेय, आणि चहाला उकळी फुटायच्या आत पोरगा दारात. तेल-साबणाचे रेट पण लक्ष्मीपुरीच्या बाजारापेक्षा कमी लागले, खोटं कशाला बोलू.

आता बिल बघा. विकणारा म्हणून ॲपचं नावच नाही, पुण्याची कुठलीतरी भलतीच कंपनी. भानगड अशी की ऑनलाइन मार्केटप्लेसमध्ये, म्हणजे दुसऱ्यांचा माल विकायला नुसती जागा देणाऱ्या ॲपमध्ये, १०० टक्के परदेशी गुंतवणूक चालते पण स्वतःचा माल भरून विकायला मनाई, २०१६ पासून तसं लेखी आहे, २०१८ च्या शेवटी नियम अजून आवळले, म्हणून माल दुसऱ्याच्या नावावर. परदेशी पैशाच्या मल्टीब्रँड, म्हणजे अनेक ब्रँडचा माल ठेवणाऱ्या दुकानाला मात्र २०१२ पासून ५१ टक्क्यांचीच मुभा, तेही राज्य सरकार हो म्हणालं तर, वर ३० टक्के खरेदी इथल्या छोट्या उद्योगांकडनं करायची अट. ॲपला ती अट नाही. कांदालसूण चटणी शोधली तर मोठ्या ब्रँडचं पाकीट तेवढं आलं, गल्लीतल्या बचत गटाची कुठली दिसायला!

परदेशी पैसा आला म्हणजे गावाचं भलंच किंवा वाटोळंच असं काय नसतंय, कशात लागला ते बघायचं. शिरोली-कागलला कारखान्यात लागला की मोल्डर, टर्नर, टेम्पोवाला सगळ्यांच्या हाताला काम, शिवाय पोरं काम शिकतात ती शिदोरी इथंच राहते. इथं तो डिस्काउंटमध्ये लागलाय, कधी आटेल ते फंडवाल्यांनाच माहीत, आणि हॅन्डलिंग चार्ज, स्मॉल कार्ट चार्ज असलं काहीबाही आत्ताच हळूच चढायला लागलंय. गावात राहतं काय, तर गोडाऊनचं भाडं आणि पोरांचे ऑर्डरमागं मिळणारे पैसे, त्यातनं पेट्रोल त्यांचं त्यांनीच घालायचं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत असल्या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के कामगारांसाठीच्या फंडात भरायचे असं लिहिलंय. दारात आलेल्या पोराला विचारलं, तर म्हणतो, "कसला फंड काका, ओटीपी सांगा."

सर्व्हिसला ४ स्टार. कोथिंबीर तेवढी मागवू नका, पिवळी पडलेली येते, पैसे परत देतात पण आमटीत काय घालायचं?