मीडियम फॉरमॅट की फुल फ्रेम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने १०२ मेगापिक्सेलचा मीडियम फॉरमॅट आणि ६१ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम, असे दोन कॅमेरे मी कामासाठी आलटूनपालटून वापरत आहे. मीडियम फॉरमॅटचा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) ४३.८ × ३२.९ मिमीचा, म्हणजे ३६ × २४ मिमीच्या फुल फ्रेमच्या जेमतेम १.७ पट क्षेत्रफळाचा आहे. विकत घेताना या १.७ पटीकडून मी अंमळ जास्तच अपेक्षा ठेवली होती.

दोन्ही सेन्सरवर पिक्सेलची रुंदी सुमारे ३.७६ मायक्रॉनच असल्यामुळे फाइल शंभर टक्के झूमवर उघडली की नॉइजमध्ये, म्हणजे चित्रातल्या दाणेदारपणात, फरक सापडत नाही; तो दिसतो एकाच आकाराच्या मोठ्या प्रिंट शेजारी ठेवल्यावर. घड्याळाच्या तबकडीचे काम करताना धातूवरच्या बारीक रेषा आणि काटा सावलीत शिरतो तिथली करड्या छटांची उतरण मीडियम फॉरमॅटमध्ये अधिक सलग आली. मात्र तेवढीच डेप्थ ऑफ फील्ड (स्पष्ट दिसणारी खोली) मिळवायला एफ/११ ऐवजी एफ/१४ लागले (आकडा मोठा तितके लेन्सचे छिद्र लहान), त्यापुढे डिफ्रॅक्शनने, म्हणजे लहान छिद्रातून प्रकाश पसरल्याने, धार बोथट होऊ लागली आणि शेवटी फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम एकत्र जोडणे, करावेच लागले.

मोठ्या सेन्सरवर पार्श्वभूमी जास्त धूसर होऊन पोर्ट्रेटला वेगळाच ‘मीडियम फॉरमॅट लुक’ येतो असे म्हणतात; त्याबद्दल मी आता साशंक आहे. ११० मिमी एफ/२ ही लेन्स फुल फ्रेमच्या हिशेबाने सुमारे ८७ मिमी एफ/१.६ ठरते, म्हणजे ८५ मिमी एफ/१.४ लावली तर पार्श्वभूमी उलट थोडी जास्तच धूसर होते.

बाहेर उन्हात फ्लॅश वापरताना मीडियम फॉरमॅटचा १/१२५ सेकंदाचा सिंक स्पीड (फ्लॅशसोबत चालणारा सर्वांत जलद शटर वेग) फार जाचला. फुल फ्रेमवर १/२५० मिळतो. इथे त्या एका स्टॉपसाठी, म्हणजे प्रकाश निम्मा करण्यासाठी, दर वेळी एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळसर काच) चढवावा लागे. (हॅसेलब्लाडच्या एक्ससीडी लेन्समध्येच बसवलेले लीफ शटर असल्याने निदान १/२००० पर्यंत सिंक होतो, पण माझी व्यवस्था तशी नाही.) चालत येणाऱ्या मॉडेलच्या वीस फ्रेमपैकी सहा-सातच डोळ्यांवर नेमक्या आल्या, उरलेल्यांत फोकस कानावर होता. असल्या कामाला मी मीडियम फॉरमॅट पुन्हा नेलेला नाही.

मीडियम फॉरमॅटची १६ बिटची अनकम्प्रेस्ड (न दाबलेली) फाइल २०० एमबीच्या पुढे जाते, त्यामुळे संगणक आणि बॅकअपचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीतच धरावा. एकच कॅमेरा परवडत असेल, तर मी फुल फ्रेमच घेईन. स्टुडिओतल्या ट्रायपॉडवरून मीडियम फॉरमॅट मात्र मी हल्ली उतरवतच नाही.