टॉगल स्विच: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या वाचनालयाच्या सभासद नूतनीकरणाच्या ऑनलाइन अर्जातल्या खूण करायच्या सगळ्या चौकटी (चेकबॉक्स) काढून मी त्या जागी टॉगल स्विच, म्हणजे सरकवून चालू-बंद करायची बटणे, बसवले होते. आठ महिन्यांनी त्यांतला एक सोडून बाकीचे काढून टाकले. निमित्त झाले एका निवृत्त शिक्षकांच्या फोनचे. "अहो, घरपोच सेवेचे बटण मी स्वतः हिरवे केले होते, मग पुस्तके का आली नाहीत?" त्यांचे म्हणणे खरे होते. त्यांनी बटण सरकवले, ते हिरवे झालेले पाहिले आणि पान बंद केले. 'जतन करा' हे बटण त्याखाली आणखी तीन रकान्यांनंतर होते.

यात त्यांची काय चूक? भिंतीवरच्या बोर्डाचे बटण खाली केल्यावर दिवा लागावा म्हणून कोणी अर्ज सादर करत नाही. फोनमध्ये वायफायचे बटण सरकवले की वायफाय त्याच क्षणी सुरू होते, आणि हाताला तीच सवय लागलेली असते. चौकटीतली खूण मात्र कागदी अर्जापासून ओळखीची आहे: आधी खुणा, मग सही, मग खिडकीवर देणे. खाली 'जतन करा' असलेल्या अर्जात टॉगल ठेवणे म्हणजे काम झाले नसताना झाल्याची पावती देणे होय.

पहिले दोन महिने मात्र माझा राग भलतीकडेच होता. पैसे वाचवायला उचललेला फुकटचा घटक नुसत्या डिव्हवर, म्हणजे वेबपानावरच्या साध्या रिकाम्या कप्प्यावर, बेतलेला असल्यामुळे अर्जासोबत त्याची नोंदच जात नव्हती. म्हणून मी तो खऱ्या चेकबॉक्सवर नव्याने बांधला, तर खूण नसलेला चेकबॉक्सही सर्व्हरकडे काहीच पाठवत नाही हा एचटीएमएलचा, म्हणजे वेबपाने लिहिण्याच्या भाषेचा, जुना नियम आडवा आला. सभासदाला सेवा नको आहे की त्याने त्या प्रश्नाला हातच लावलेला नाही, हे कळायला मार्ग उरला नाही. त्यात मूळ चेकबॉक्स मी 'डिस्प्ले नन' ही घटक पानावरून पुरता नाहीसा करणारी सूचना लिहून लपवला होता, त्यामुळे माऊसशिवाय एका रकान्यातून पुढच्यात नेणारी टॅब कळ त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हती. हा दोष टॉगलचा नव्हे, माझाच. पहिल्या महिन्यात मी त्याला जी नावे ठेवली ती मागे घेतो. फुकटचा माल चार रविवारांना पडला, एवढेच.

मराठी लेबलांचा घोळ वेगळाच. 'एसएमएस बंद' असे लिहिलेले आणि शेजारी बटण हिरवे, म्हणजे एसएमएस येणार की येणार नाहीत? 'बंद' ही सद्यस्थिती की आज्ञा, हे मलाच दोनदा वाचावे लागले. शिवाय केवळ रंगावर अर्थ सोपवू नये असे डब्ल्यूसीएजीचे, म्हणजे वेबपाने सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांचे, निकष सांगतात, आणि फिका करडा व फिका हिरवा यांतला फरक आमच्या ज्येष्ठ सभासदांना उन्हात दिसत नाही. हे सगळे एकवेळ सुधारता येते. 'जतन करा'चा घोटाळा सुधारता येत नाही.

आता घरपोच सेवेसाठी 'हवी' आणि 'नको' असे दोन रेडिओ पर्याय (ज्यांतला एकच निवडता येतो) आहेत, आधीपासून कोणताही निवडलेला नाही. नियम मान्य असल्याची चौकट पुन्हा चौकटच झाली. पानाच्या डोक्यावरचा 'मोठी अक्षरे' हा टॉगल तेवढा ठेवला आहे, कारण तो सरकवताच अक्षरे मोठी होतात. त्याला 'स्विच' ही एरिया (ARIA) भूमिका दिली आहे, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला तो स्विच असल्याचे कळते. ॲपलच्या सफारी ब्राउझरच्या १७.४ आवृत्तीपासून चेकबॉक्सला थेट 'स्विच' हा गुणधर्मही जोडता येतो, आणि ज्या ब्राउझरला तो कळत नाही तिथे साधी चौकट दिसते. आमच्या सभासदांची त्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही.