फणस लावायचाय: आठळी की कलम, कापा की बरका?

फणस लावायचं ठरलं की लोक आधी विचारतात, कापा (घट्ट गऱ्याचा) लावू की बरका (मऊ, रसाळ गऱ्याचा)? माझ्या मते त्याआधी दुसरंच ठरवावं लागतं: आठळी रुजवणार की कलम आणणार? फणसात परपरागीभवन होतं, म्हणजे एका झाडाचे परागकण दुसऱ्या झाडाच्या फुलावर जातात. त्यामुळे काप्याची आठळी लावली म्हणून झाड काप्याचंच निघेल याची खात्री नाही, आणि खरं काय ते पहिलं फळ फोडल्यावरच कळतं. मी एकदा छान कुरकुरीत काप्याच्या पाच आठळ्या लावल्या. तीन जगल्या, सात-आठ वर्षं वाट पाहिली, आणि त्यातलं एकच झाड कापा निघालं. तेही आईइतकं गोड नाहीच.

कलमाला हा जुगार नाही. मृदुकाष्ठ कलम (रोपाच्या कोवळ्या शेंड्यावर दुसऱ्या झाडाची काडी जोडून केलेलं) चांगल्या झाडाच्या काडीचं असेल तर फळ त्याच जातीचं येतं आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरायलाही लागतं. झाड बुटकं राहतं, फळं हाताशी येतात. फक्त जोडाखालून फुटवा आला की लगेच खुडायचा. तो वाढू दिला तर खालचं खुंटच, म्हणजे ज्यावर काडी जोडली ते रोप, जोर धरतं आणि कलम केल्याचा उपयोग उरत नाही.

मग आठळी कुणी लावावी? ज्याला जागा मोकळी आहे, घाई नाही आणि पुढे लाकूडही हवं आहे त्याने. सोटमूळ खोल जातं, खोड सरळ चढतं, आणि फणसाचं पिवळं लाकूड टिकाऊ असतं, सहसा वाळवी लागत नाही. आठळी मात्र फळातून काढली की लवकर लावा, सुकली की रुजत नाही. शक्यतो कायमच्या जागीच लावा, सोटमूळ दुखावलेलं फणसाला सोसत नाही. आठळी असो वा कलम, बुंध्याशी पाणी साचलं तर झाड जातंच.

आता कापा-बरका. काप्याचा गरा घट्ट, दाताखाली मोडणारा. फळ फोडायला सुरी लागते, हातांना आणि पात्याला तेल चोळून बसायचं, नाहीतर चीक दिवसभर सुटत नाही. बरका पिकला की हातानेच उकलतो. गरा बुळबुळीत, रसाळ, न चावताच घशाखाली उतरतो. खायला मला बरका अजिबात जमत नाही, पण रस काढून वाळवायचा असेल तर तोच सोयीचा. तळायला काप्याचे जून पण न पिकलेले गरे हवेत. भाजीसाठी कोवळा फणस कुठलाही चालतो, आठळ्याही दोन्हींच्या उकडून वा भाजून तितक्याच चांगल्या. टिकण्यात मात्र बरका मागे पडतो. पिकला की एक-दोन दिवसांत संपवावा लागतो, आणि दहा-बारा किलोचं फळ घरातल्या चौघांना एका दिवसात संपत नाही.

म्हणून अंगणात एकच झाड बसणार असेल तर मी डोळे मिटून काप्याचं कलम सांगेन, भिंतीपासून चार-पाच मीटर तरी लांब. फळं बुंध्यावर आणि जाड फांद्यांवर लागतात, तेव्हा खोडाभोवती माणूस फिरेल एवढी मोकळीक ठेवा. बरका हवाच असेल तर दुसरं झाड म्हणून लावा. आणि पहिल्या बहराला बोटाएवढ्या शेंगांसारखं काहीतरी काळं पडून खाली पडायला लागलं की घाबरून औषध मारू नका. ती बहुतेक नर फुलं असतात, परागकण सांडले की गळतातच. फळ धरणारी मादी फुलं त्याच झाडावर, बहुधा जाड देठावर असतात. ती टिकली आहेत ना, तेवढं बघा.