आयटी कंपनी असून विंडोजच्या लायसन्समध्ये 1,33,248 रुपयांना फसलो

लिहू की नको असं करता करता महिना गेला. लाज वाटत होती, दुसरं काही नाही. आम्ही 11 जणांची छोटी आयटी कंपनी, लोकांना सॉफ्टवेअर करून देतो, आणि फसलो कशात तर विंडोजच्या लायसन्समध्ये. सुताराच्या घरची खुर्ची मोडकी म्हणतात तसं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पश्चिम महाराष्ट्रातलं जिल्ह्याचं शहर आहे, इथे सगळे सगळ्यांना ओळखतात.

विंडोज 10 चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार हे आम्हाला काय दोन वर्षं आधीपासून माहीत होतं, पण काम असतं, डिलिव्हरी असते, राहिलं. सप्टेंबरअखेर आमच्या मोठ्या क्लायंटचा मेल आला की सपोर्ट संपलेल्या सिस्टिमवरून आमच्या सर्व्हरला कनेक्ट करता येणार नाही, सगळ्या मशीन विंडोज 11 वर आहेत असं 15 ऑक्टोबरपर्यंत लेखी द्या. आमच्याकडे 14 मशीन. 9 ब्रँडेड लॅपटॉप, 5 असेंबल केलेले जुने डेस्कटॉप, आय-फाइव्ह, सातव्या जनरेशनचे. ज्यांना माहीत आहे त्यांना कळलंच असेल, विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप लागते, म्हणजे हे पाच बादच.

लायसन्स विकणारा माणूस आला ओळखीतून. आमच्या मित्राच्या ऑफिसचे सीसीटीव्ही त्यानेच लावलेत, आणि ते अजून व्यवस्थित चालू आहेत, हेही सांगतो. गोड बोलणारा. "दादा, टेन्शनच घेऊ नका, एका शनिवारात 14 च्या 14 करून देतो, लाइफटाइम जेन्युइन, बिल जीएसटीचं." विंडोज 11 प्रो 6,500 रुपये मशीनमागे, म्हणजे 91,000. इन्स्टॉलेशन 900 प्रमाणे 12,600. वर 18 टक्के जीएसटी 18,648. एकूण 1,22,248. आणि त्या पाच जुन्या मशीनमध्ये "टीपीएमची चिप टाकून देतो, बाकी कुणी सांगणार नाही तुम्हाला हे," 2,200 प्रमाणे 11,000 रोख. बॉक्स पॅकच्या किमतीपेक्षा बरंच स्वस्त पडत होतं, त्याने सांगितलं बल्कमध्ये लॅमिंग्टन रोडवरून येतात. पटलं. डोक्यावर तारीख होती, प्रत्येक गोष्ट खणत बसायला वेळ कुणाला होता?

8 ऑक्टोबरला 70,000 ॲडव्हान्स यूपीआयने, दोन वेळा 35,000. नाव भलत्याच बाईचं आलं. म्हणाला मिसेसचं खातं आहे, करंट अकाउंटला जरा प्रॉब्लेम चालू आहे. इथेच पहिली थोबाडीत बसायला हवी होती मला. जीएसटी बिल फर्मच्या नावाने आणि पैसे बायकोच्या खात्यात! बिल ज्या नावाचं खातं त्याच नावाचं, नाहीतर पैसे नाहीत, एवढंच करा, निम्मी फसवणूक तिथेच थांबते.

शनिवारी 11 तारखेला तो आणि एक पोरगा आले. आल्या आल्या स्वतःचा एक लॅपटॉप आमच्या नेटवर्कच्या स्विचला जोडला, "अपडेट फास्ट होतात." दिवसभर तो लॅपटॉप तिथेच. संध्याकाळी मी स्वतः, मी स्वतः हो, एका मशीनवर सेटिंगमध्ये जाऊन ॲक्टिव्हेशन बघितलं. हिरवी खूण होती आणि खाली लिहिलेलं, "विंडोज इज ॲक्टिव्हेटेड युझिंग युवर ऑर्गनायझेशन्स ॲक्टिव्हेशन सर्व्हिस." मी वाचलं. पूर्ण वाचलं. आणि मनात काय आलं तर, हां, आपण कंपनी आहोत ना, म्हणून ऑर्गनायझेशन लिहिलंय.

आमची कसली आली ॲक्टिव्हेशन सर्व्हिस! 11 माणसं आणि एक स्विच! ती सर्व्हिस म्हणजे त्याचा तो टेबलाखालचा लॅपटॉप. केएमएस म्हणतात त्याला, मोठ्या कंपन्या स्वतःच्या नेटवर्कमध्ये ठेवतात, आणि त्यावरून झालेलं ॲक्टिव्हेशन फक्त 180 दिवस चालतं, मग परत त्या सर्व्हरला विचारावं लागतं. लॅपटॉप गेला घरी, आमचे 180 दिवस सुरू. विकत घेतलेलं खरं लायसन्स असेल तर तिथे सहसा "डिजिटल लायसन्स" असं येतं. त्या एका ओळीवर मी अजून रात्री जागा होतो. कॉलेजमधून नुकत्या आलेल्या पोराला मी हे इंटरव्ह्यूत विचारलं असतं, आणि स्वतः समोर उभा राहून खूण बघून चहा सांगितला. उरलेले 52,248 पण तिथल्या तिथे दिले. वर त्या पोराला 200 रुपये चहापाण्याला.

(कमांड प्रॉम्प्ट उघडून एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश एक्सपीआर टाका. "पर्मनंटली ॲक्टिव्हेटेड" आलं तर निदान तारखेची टांगती तलवार नाही. तारीख आली तर माणसाला ऑफिसातून हलू देऊ नका.)

नोव्हेंबरमध्ये आमच्या सीएंचा फोन आला होता, ते बिल जीएसटीच्या टू-बी मध्ये, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांच्या यादीत, दिसत नाही, भरलेल्या कराचं क्रेडिट घेता येणार नाही. मी म्हटलं पुढच्या महिन्यात भरेल तो रिटर्न, छोटे लोक उशीर करतात. विक्रेत्याची बाजू मी घेत होतो!

10 एप्रिलला शुक्रवारी सकाळी एकेकाची स्क्रीन काळी आणि कोपऱ्यात "ॲक्टिव्हेट विंडोज". आधी एक, मग चार, जेवणापर्यंत सगळ्या. त्यात त्याच वेळी क्लायंटसोबत स्क्रीन शेअर चालू होतं, ते वेगळं सांगत नाही. फोन केला तर पहिल्यांदा "सर्व्हर डाउन आहे दादा", मग "सोमवारी येतो", मग ब्लॉक.

आता खरी मिरची. रात्री आम्ही बसून लॅपटॉप नीट तपासले. नऊच्या नऊ लॅपटॉपमध्ये कंपनीकडून आलेली विंडोज प्रोची लायसन्स की बायोसमध्येच, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्येच, होती. त्याने घातलेली की काढली, आधीची घेतली, फुकटात ॲक्टिव्हेट. विंडोज 10 ओरिजिनल असेल आणि मशीन बसत असेल तर विंडोज 11 चं अपग्रेड मुळात फुकटच आहे! विंडोज अपडेटमध्ये एक बटण दाबायचं होतं. म्हणजे 9 गुणिले 6,500, 58,500 रुपये मी अशा गोष्टीचे दिले जी माझ्याकडे होतीच. हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

आणि चिप? कॅबिनेट उघडले. मदरबोर्डवर टीपीएम लिहिलेल्या पिना तशाच मोकळ्या, त्यावरची धूळसुद्धा जागची हललेली नाही. चेकिंग बायपास करून विंडोज 11 घुसवलं होतं. चिप बसवली असती तरी तो प्रोसेसर यादीत नाहीच, उपयोग शून्य, शिवाय अशा बोर्डात बऱ्याचदा बायोसमध्येच टीपीएमचं काम करणारा पीटीटी नावाचा पर्याय असतो, चिप लागतच नाही. जुन्या मशीनसाठी एक्स्टेंडेड अपडेट विकत मिळत होते, कंपन्यांना पहिल्या वर्षी मशीनमागे 61 डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट. निदान ते खरं तरी असतं. आता दोनवर विंडोज काढून उबुंटू नावाची फुकट सिस्टिम टाकलीय, तीन भंगारात जाणार. बाकी सगळ्या मशीन फॉरमॅट केल्या, त्याने अजून काय काय सोडलंय कुणास ठाऊक.

मग तक्रार. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, त्यांनी पोर्टलवर नोंदवायला सांगितलं, नोंदवलं, नंबर मिळाला, झालं. सहा महिने झालेत, पैसे थोडेच खात्यात असणार. स्थानिक ठाण्यात गेलो तर म्हणाले कॉम्प्युटरचं आहे, सायबरला जा. सायबरला गेलो तर म्हणाले माणूस तुमच्या ऑफिसात आला, समोरासमोर व्यवहार झाला, यात सायबर काय, ठाण्यात जा. असं चार वेळा. चार वेळा अर्धा दिवस घालवून! शेवटी ठाण्यात एक साहेब म्हणाले हा दिवाणी मामला आहे, काम तर केलंय त्याने. मी म्हटलं खोटं सांगून पैसे घेतले, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे, तर म्हणे कायदा आम्हाला शिकवू नका, आणि वापरत तर तुम्ही होता ना ते पायरेटेड सॉफ्टवेअर सहा महिने? तुमच्यावरच कॉपीराइटची केस होईल. घाबरलो, खोटं कशाला बोलू. बाहेर येऊन वकिलाला फोन केला, तो म्हणाला कलम 63-ब मध्ये जाणूनबुजून वापरणं असा शब्द आहे, बिल जपून ठेवा. आणि हवालदाराचं ते वाक्य, "अहो साहेब, तुम्ही स्वतःच आयटीवाले ना?" सगळी खोली हसली.

बँक म्हणते पेमेंट तुम्हीच केलंत. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाला कंपनीने धंद्यासाठी घेतलेली वस्तू, तुम्ही ग्राहकाच्या व्याख्येत बसणं अवघड. जीएसटीच्या ऑफिसात त्याचा नंबर दाखवला तर टेबलावरच्या माणसाने दोन मिनिटांत सांगितलं, हे रजिस्ट्रेशन जूनमध्येच रद्द झालंय, तुम्ही आधी बघायला हवं होतं. म्हणजे रद्द नंबरवर तो बिलं फाडतोय, 18,648 रुपये कर म्हणून खिशात घालतोय, आणि चूक माझी! तक्रार अर्ज घेतला, पोच मात्र तीन दिवसांनी. पण खरंय, जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता कुणाचाही नंबर तपासता येतो, ॲडव्हान्सच्या आधी तपासा, नंतर नाही.

लेखी अर्ज पोस्टाने रजिस्टर करून वरिष्ठांकडे पाठवलाय. पुढच्या मंगळवारी बोलावलंय. बघू.

हे आज लिहायचं कारण वेगळंच आहे. काल एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसातून फोन आला, 22 मशीन करायच्या आहेत, त्या गृहस्थाने रेफरन्स म्हणून तुमच्या कंपनीचं नाव दिलंय, काम कसं आहे? आमचं नाव! मी सगळं सांगितलं, आकड्यांसकट. पलीकडे बराच वेळ शांतता, मग म्हणाले, ॲडव्हान्स आज सकाळीच गेलाय. मी म्हटलं फोन ठेवा आणि आत्ता 1930 लावा, आत्ता, पैसे अजून खात्यात असतील.