माहिती-पुस्तिका आणि परिचारिकेचा फोन : एका मेलॅनोमा रुग्णाचा अभिप्राय

तळपायावरच्या काळ्या डागाची बायोप्सी होऊन तो मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा एक प्रकारचा कर्करोग, असल्याचे कळले, त्याच दिवशी रुग्णालयाच्या माहिती व आधार कक्षाने माझ्या हाती एक पुस्तिका आणि परिचारिकेचा फोन क्रमांक दिला. गेले ११ महिने मी दोन्ही वापरत आहे.

पुस्तिकेतील अहवाल समजावून सांगणारे प्रकरण उत्तम आहे. 'ब्रेस्लो जाडी' म्हणजे गाठ त्वचेत किती मिलिमीटर खोल उतरली आहे याचे माप. भोवतालची किती निरोगी त्वचा काढायची आणि जवळच्या लसिका ग्रंथीची तपासणी करायची की नाही, हे ठरवताना या आकड्याला मोठे महत्त्व असते. माझा आकडा १.४ होता. नखाएवढ्या डागासाठी एवढी मोठी जखम का झाली आणि ती झाकायला मांडीची त्वचा का घ्यावी लागली, याचा उलगडा मला त्या पानांवरच झाला. छायाचित्रांनी मात्र निराशा केली, कारण जवळजवळ सगळी गोऱ्या त्वचेची आहेत. सावळ्या माणसांना मेलॅनोमा झालाच तर तो बहुधा तळहात, तळपाय किंवा नखाखाली आढळतो आणि तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. तरीही सनस्क्रीनला चार पाने आणि तळपायाला दोन ओळी, हे प्रमाण पटत नाही.

सेवेचा खरा कस लागला तो टाके निघाल्यानंतर. दर तपासणीच्या आधीच्या आठवड्यात अंगावरचा प्रत्येक तीळ मला संशयास्पद वाटू लागे. परिचारिकेने नुसता धीर दिला नाही. महिन्यातून एकदाच, चांगल्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायचे आणि जांघेत गाठ हाताला लागली किंवा व्रणाजवळ नवा काळा ठिपका दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करायचा, असे स्पष्ट सांगितले. रोज आरशासमोर उभे राहण्याची माझी सवय त्यामुळे सुटली. शनिवार-रविवारी फोन बंद असतो, ही गैरसोय आहेच. भीती काही कार्यालयीन वेळ पाळत नाही.

मोठी उणीव वेगळीच आहे. माझी पाठ दर महिन्याला पत्नी तपासते, पण काही नजरेतून सुटले तर काय, या तिच्या धास्तीसाठी पुस्तिकेत एकही ओळ नाही आणि नियमाप्रमाणे फोनसेवा फक्त रुग्णांसाठी आहे. एकदा तिने मला न सांगता फोन केला, तेव्हा परिचारिका तिच्याशी वीस मिनिटे बोलल्या. त्या संभाषणाची नोंद माझ्या नावावर आहे.