सात महिने दुसऱ्यांचे पत्ते बघताना: वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा वापरानंतरचा अनुभव

मे महिन्याच्या शेवटी पोकरच्या या स्पर्धा घरबसल्या बघायला वर्षाची वर्गणी भरली तेव्हा बायकोने विचारलं, "खेळणार नाहीस ना?" नाही म्हटलं. "मग नुसतं बघून काय करणार?" याला तेव्हा उत्तर नव्हतं. आता डिसेंबर संपत आलाय आणि आधीच सांगून टाकतो: पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा झोपेने खाल्ला.

ज्यांना हे काय प्रकरण आहे ते माहीत नाही त्यांच्यासाठी. लास व्हेगासमध्ये 27 मे ते 16 जुलै 2025 या काळात 100 स्पर्धा झाल्या. प्रत्येक विजेत्याला पैशांबरोबर सोन्याचं ब्रेसलेट. त्यातली खरी जत्रा म्हणजे मेन इव्हेंट. प्रवेशशुल्क 10,000 डॉलर, आणि हा आकडा 1972 पासून तोच आहे. आपल्या हिशोबात जुलैमध्ये ते साडेआठ लाखांच्या आसपास जात होतं. भांडुपला त्यात पार्किंगही येणार नाही, पण सेकंडहँड गाडी नक्की येते. यंदा 9,735 जणांनी ती गाडी टेबलावर ठेवली.

सुरुवातीला मी एक मोठी चूक केली. समालोचक म्हणायचे, "याच्यासमोर एक कोटी वीस लाख." मी डॉलर समजून हबकायचो. त्या नुसत्या चिप्स असतात, पैज लावायच्या चकत्या. प्रत्येकाला सुरुवातीला 60,000 मिळतात, म्हणजे सगळ्यांच्या मिळून साडेअठ्ठावन्न कोटींच्या घरात. शेवटी त्या सगळ्या एकाच माणसासमोर येतात. मधल्या कुठल्याही क्षणी त्या काउंटरवर नेऊन पैसे मागता येत नाहीत. हे डोक्यात शिरल्यावर माणसं ऑल-इनच्या, म्हणजे सगळ्या चिप्स पणाला लावायच्या, वेळी इतकी का कुढतात ते कळायला लागलं.

वेळेचं गणित वाईट आहे. उन्हाळ्यात व्हेगास आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे. त्यांची दुपारी बाराची सुरुवात म्हणजे आपली रात्रीची साडेबारा. त्यांच्या जेवणाच्या सुट्टीला आपल्याकडे दूधवाला बेल वाजवतो. पहिले दहा दिवस मी जागरण केलं आणि लोअर परळला उतरायचं सोडून दादरलाच दोनदा झोपेत उतरलो. मग सोय लावली: रात्री दहाला झोपायचं, चारला उठायचं, साडेसहापर्यंत बघायचं. डिसेंबरात याच मालिकेच्या बहामाजमधल्या स्पर्धा लागल्या तेव्हा बरं वाटलं, तिथली दुपार आपल्या रात्री साडेदहाला सुरू होते.

आता मुख्य मुद्दा. टीव्हीवर तुम्हाला खेळाडूंचे झाकलेले पत्ते दिसतात. पत्त्यांत इलेक्ट्रॉनिक चिप बसवलेली असते, टेबल ते वाचतं आणि प्रक्षेपण काही वेळ उशिराने सोडतात, म्हणजे बाहेरून कुणी इशारा करू नये. याआधी टेबलाच्या काठाला छोटे कॅमेरे असायचे; ती सोय ब्रिटनमध्ये 1999 साली टीव्हीवर आली. त्याच्या आधी प्रेक्षकाला नुसते चेहरे. 2003 साली क्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट 86 डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून मेन इव्हेंटला आला आणि 839 जणांत जिंकला. शेवटच्या लढतीत त्याने सॅमी फार्हाला हूल दिली. फार्हाकडे नव्व्यांची जोडी होती, मनीमेकरकडे नुसता राजा, आणि सगळ्या चिप्स मध्ये ढकलून तो पुतळ्यासारखा बसला. फार्हाने पत्ते टाकले. पत्ते दिसत नसते तर जगाला तो एक साधा डाव वाटला असता.

पण पत्ते दिसत असले की घरातला प्रत्येक जण शहाणा होतो. "अरे, टाक ना, त्याच्याकडे राण्या आहेत!" हे मी सोफ्यावरून पहिला महिनाभर ओरडत होतो. कंटाळा कशाचा येतोय ते जुलैत कळलं: उत्तरपत्रिका हातात धरून मी पेपर सोडवत होतो. मग एका जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून टीव्हीच्या खालच्या भागावर, नावांच्या पट्ट्यांवर, चिकटवला. डाव संपला की खालून उचलायचा. माझे अंदाज वहीत लिहायला लागलो. अर्ध्याहून कमी बरोबर आले. पहिल्या महिन्यातला शहाणपणा कुठे गेला कोण जाणे.

एका रविवारी पहाटे बाबा उठले. कल्याण ते व्हीटी तीस वर्षं, गुडघ्यांवर बॅग आडवी ठेवून मेंढीकोट खेळलेला माणूस. चहा घेऊन शेजारी बसले. पडद्यावर एक दाढीवाला चिप्सची चवड उचलत होता, खाली ठेवत होता. दोन मिनिटं तेच. बाबा म्हणाले, "याच्याकडे काही नाही."

"कशावरून?"

"मघापासून समोरच्याच्या चिप्स बघत होता, आता बघायचा बंद झालाय. घाबरलाय."

समोरच्याने कॉल केला, म्हणजे तेवढ्याच चिप्स पुढे केल्या. मी पुठ्ठा उचलला. दाढीवाल्याकडे इस्पिकचा आणि किलवरचा एक्का. बाबा चहा प्यायचे थांबले. "मग एवढं नाटक कशाला?" म्हणाले. मी म्हटलं, त्यासाठीच. "आमच्या डब्यात असं केलं असतं तर ठाण्याला उतरवला असता." त्यानंतर ते रोज साडेपाचला हजर.

सगळ्यात जास्त मजा कशात आली विचाराल तर बबलमध्ये, म्हणजे पैसे मिळायच्या उंबरठ्यावर. यंदा 1,461 जणांना पैसे होते, किमान 15,000 डॉलर. 1,462 व्याला रोख काहीच नाही. तो आकडा जवळ आला की सगळ्या टेबलांवर एकेकच डाव वाटतात. शेवटच्या टेबलाचा संपेपर्यंत बाकीचे हात बांधून बसतात. शेकडो टेबलं, आणि कुठेतरी कुणी ऑल-इन गेला की लोक खुर्च्यांवरून उठून तिकडे पळतात. जवळ दोन-तीन ब्लाइंडपुरत्याच (पत्ते बघण्याआधी सक्तीने लावायच्या चिप्स म्हणजे ब्लाइंड) चिप्स उरलेला एक माणूस चांगले पत्तेसुद्धा टाकताना दिसला. आपण बदाम सातमध्ये पान दाबून ठेवतो तसं, फक्त पावणेतेरा लाखांसाठी.

शेवटही भारी झाला. मायकेल मिझराची जिंकला, 1 कोटी डॉलर. याच उन्हाळ्यात त्याने 50,000 डॉलर प्रवेशशुल्काची पोकर प्लेयर्स चॅम्पियनशिपही चौथ्यांदा जिंकली होती. जिंकल्या जिंकल्या तिथेच त्याला पोकर हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. आणि स्पेनची लिओ मार्गेट्स सातवी आली. मेन इव्हेंटच्या शेवटच्या टेबलावर बाई बसल्याला 1995 च्या बार्बरा एनराइटनंतर तीस वर्षं झाली होती. मार्गेट्स बाहेर पडली तेव्हा बायको नेमकी डबा भरत होती, तीसुद्धा थांबली.

तक्रारी आहेत. प्रक्षेपण उशिरा आणि लिखित बातम्या आधी, त्यामुळे फोन हातात घेतला की निकाल फुटतो. दाखवतात दोन-तीन टेबलं. बाकी शेकडो टेबलांवरचे आपले भारतीय खेळाडू वेबसाइटचं पान रिफ्रेश करून शोधावे लागतात. 2024 मध्ये संतोष सुवर्णाने 2,50,000 डॉलरची स्पर्धा जिंकून 54 लाख डॉलर नेले होते, त्यामुळे आशा असते. यंदा माझी बरीचशी रात्र चिप्सचे आकडे वाचण्यात गेली. नऊ प्रकारांची मिश्र स्पर्धा लागली की सरळ झोपून घ्या, प्रकार बदलला की समालोचकही धापा टाकतात. वर्गणी डॉलरमध्ये, त्यावर बँकेचं रूपांतर शुल्क वेगळं. अंतिम दिवशी पहाटे अॅप तीनदा बंद पडलं; ग्राहकसेवेचं उत्तर आठ दिवसांनी आलं, 'आता ठीक चालतंय का?'

ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळणं बंद झालं. ऑफिसातल्या दोघांचे चेहरे पडले. महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा 1976 पासून कागदावर होता, अंमलात कधी आलाच नाही, 2023 मध्ये रद्दच केला. त्यामुळे हौशी मंडळी गोव्याला जातात. मला विचारतात, चल म्हणून. वहीतले माझे अंदाज बघून मी जात नाही.

पुढच्या वर्षी अख्खी वर्गणी भरणार नाही, फक्त जून आणि जुलै. आपोआप नूतनीकरण बंद केलंय, ते बटण शोधायला वीस मिनिटं लागली. टीव्हीवरचा पुठ्ठा दिवाळीच्या साफसफाईत बायकोने काढला. गोंदाचे दोन डाग राहिलेत, थिनरने पुसू नको असं बाबा म्हणतात.