पॉलिनेशियनचा नवा टॉवर: तीन मुक्कामांनंतर

बाबांना बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण नजर अजून खात्यातलीच. जूनमध्ये डिस्ने वर्ल्डमधल्या पॉलिनेशियन व्हिलेज रिसॉर्टच्या आवारात गाडीतून उतरल्यावर त्यांनी नवी इमारत पायापासून माथ्यापर्यंत न्याहाळली आणि विचारलं, "याला एफएसआय कुठून मिळवला?"

मी आणि नवरा इतके हसलो की बॅगा उतरवायला आलेला मुलगाही हसायला लागला. पण 2022 पासून या टॉवरवर जो वाद चाललाय, तो बाबांनी त्या एका प्रश्नात आटपला. बैठ्या वस्तीत एकाएकी एवढं उंच काय उभं राहिलं, आणि ते कुणाच्या वाट्याचं?

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्लोरिडात ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये मॅजिक किंगडम हे थीम पार्क उघडलं 1 ऑक्टोबर 1971 रोजी, आणि त्याच दिवसापासून त्याच्यासमोरच्या तळ्याकाठी पॉलिनेशियन हे रिसॉर्ट आहे. दक्षिण प्रशांत महासागरातल्या बेटांचा थाट: उतरत्या छपरांची दोन-तीन मजली लाँगहाऊसं, टोंगा, फिजी, सामोआ अशी त्यांची नावं, मधून पायवाटा, झाडी, रात्री पेटणाऱ्या मशाली. 17 डिसेंबर 2024 ला याच आवारात आयलंड टॉवर सुरू झाला. अडीचशेहून जास्त खोल्या. ही जागा पूर्वी जेवणासकट होणाऱ्या हवाईयन नाचगाण्याच्या कार्यक्रमाची होती. 2020 च्या मार्चमध्ये महामारीमुळे तो थांबला तो थांबलाच, मग मंडपही पाडला.

आम्ही राहतो अटलांटात, तिथून गाडीने सात तास. डिस्नेच्या व्हेकेशन क्लबचे पॉइंट आम्ही 2021 मध्ये एका जुन्या सभासदाकडून विकत घेतले, म्हणजे 'रिसेल'. आपल्याकडच्या टाइमशेअरचाच प्रकार: दरवर्षी ठरावीक पॉइंट, दरवर्षी देखभालीची वर्गणी, आणि आपल्या 'घरच्या' रिसॉर्टमध्ये अकरा महिने आधी खोली धरायचा हक्क. दुसरीकडे कुठे जायचं तर सात महिने आधी. आमचं घरचं रिसॉर्ट पॉलिनेशियन. त्यामुळे मार्च 2022 मध्ये टॉवरची घोषणा झाली आणि पहिलं चित्र बाहेर आलं तेव्हा मी ते घरच्या गल्लीत कुणी खांब रोवल्यासारखं मनाला लावून घेतलं. ते चित्र होतंच तसं. किनाऱ्याकाठचा कुठलाही अपार्टमेंट ब्लॉक उचलून ठेवल्यासारखं. मी चिडून नवऱ्याला म्हटलं, "हे बेट नाही, हे खारघर आहे."

तेव्हा लोक दोन गोष्टींवर भांडत होते. दिसण्यावर तर सगळेच. पण पॉइंटवाल्यांची खरी धाकधूक वेगळी होती: हा टॉवर जुन्याच सोसायटीत, म्हणजे आम्हा पॉइंटवाल्या मालकांच्या संघटनेत, धरणार की नवी सोसायटी काढणार? नवी काढली असती तर आमच्यासारख्या रिसेलवाल्यांना त्यात पायही ठेवता आला नसता, कारण 2019 पासून रिसेल पॉइंट नव्या रिसॉर्टांत चालत नाहीत. रिव्हिएरा या डिस्नेच्या दुसऱ्या रिसॉर्टच्या बाबतीत तेच झालं होतं. 2024 मध्ये कळलं की टॉवर जुन्याच सोसायटीत, करार सगळ्यांचा एकच, 2066 च्या जानेवारीपर्यंतचा. मी त्या दिवशी टॉवरला शिव्या द्यायचं थांबवलं असं नाही, पण आवाज खाली आणला हे कबूल करते.

पहिला मुक्काम फेब्रुवारी 2025, आम्ही दोघंच, ड्युओ स्टुडिओत. ही खोली दोघांसाठीच आहे, तिसऱ्याने येऊच नये. पॉइंट कमी लागतात आणि दिवसभर बाहेर असणाऱ्यांना तेवढी पुरते. खोलीबद्दल माझी तक्रार काहीच नाही. पण संध्याकाळी खाली उतरून जुन्या लाँगहाऊसांच्या पायवाटेने गेलो तेव्हा जाणवलं, आपण दुसऱ्यांच्या वाडीत फिरायला आलोय. लाँगहाऊसमध्ये राहताना दार उघडलं की झाडी आणि चपला काढून वाळूत. टॉवरमध्ये दार उघडलं की कॉरिडॉर, मग लिफ्ट, मग लॉबी. लॉबी सुंदर आहे, वाद नाही. पण मधे लॉबी आली की हॉटेल सुरू होतं.

अंतराचंही तसंच. पॉलिनेशियन घेण्यामागे आमचं सगळ्यात मोठं कारण होतं की मोनोरेलचं जंक्शन चालत गाठता येतं आणि तिथून एपकॉटची, म्हणजे डिस्नेच्या दुसऱ्या थीम पार्कची, गाडी थेट मिळते. जुन्या मोरेआ लाँगहाऊसमधून पाच मिनिटं. टॉवर मात्र आवाराच्या अगदी दुसऱ्या टोकाला, ग्रँड फ्लोरिडियन या शेजारच्या रिसॉर्टच्या बाजूला. पहिल्या सकाळी जुन्या सवयीने आम्ही जंक्शनकडे चालायला लागलो आणि पोचेपर्यंत नवऱ्याची कॉफी निवून गेली. चूक आमचीच, नकाशा पाहिला नव्हता. आता आम्ही टॉवरमधून निघून उलट्या बाजूने लग्नमंडपाजवळून ग्रँड फ्लोरिडियनला जातो, तिथे मोनोरेल धरतो आणि एका स्टेशनात मॅजिक किंगडम. घाई नसेल तर तिथून पुढेही पायी जाता येतं, 2020 पासून वाट जोडलेली आहे. म्हणजे हिशोब सोपा: मॅजिक किंगडमवाल्यांना टॉवर बरा, एपकॉटवाल्यांना लाँगहाऊस. आम्ही दोघं एपकॉटवाले.

फेब्रुवारीत परतताना माझं मत पक्कं होतं. झाडून सगळे पॉइंट लाँगहाऊसलाच.

मग जूनमध्ये आई-बाबा आले.

जुन्या पॉलिनेशियनमध्ये पॉइंटवर मिळायचं काय, तर स्टुडिओ किंवा मग पाण्यावरचे बंगले. बंगले वीसच, 2015 चे, आणि त्यांना लागणारे पॉइंट पाहून माणूस पान बंद करतो. (तेव्हाही लोकांनी आरडाओरडा केलाच होता, की बंगल्यांनी मागच्यांचं तळं अडवलं. म्हणजे या वस्तीत 'माझा व्ह्यू गेला' ही ओरड टॉवरपासून सुरू झालेली नाही.) बंगले सोडले तर एक किंवा दोन बेडरूमचं घर, स्वयंपाकघरासकट, हा प्रकारच इथे नव्हता. स्टुडिओत पाच माणसं मावतात म्हणतात आणि मावतातही, न्हाणीघरं दोन असल्यामुळे सकाळची मारामारी टळते. पण बाबा चारला उठतात. एकाच खोलीत चारला उठणारा माणूस आणि फटाके बघून बाराला झोपणारा जावई, हे किती दिवस चालेल?

टॉवरमध्ये आम्ही एक बेडरूम घेतलं, आई-बाबा आत, आम्ही बाहेरच्या खोलीत. मधलं दार बंद. एवढ्याशा दारावर माझं मत फिरायला सुरुवात झाली.

शेगडी, मोठा फ्रीज, भांडी, डिशवॉशर, वॉशिंग मशीन आणि ड्रायर. मी अटलांटाहून छोटा कुकर नेला आणि त्याची रिंग घरीच राहिली, तेव्हा वरण पातेल्यात शिजवलं, दीड तास. आईला आधी पटेना. चौथ्या दिवशी कचरा आणि टॉवेलसाठी माणूस येतो, रोज पलंग आवरायला कुणी येत नाही, हे कळल्यावर ती म्हणाली, "म्हणजे हॉटेलात येऊनही भांडी आपणच घासायची का गं?" पण दुसऱ्या दुपारी उन्हातून येऊन दही-भात खाऊन, साडी ड्रायरमध्ये न घालता बाल्कनीत वाळत घालायच्या विचारात असताना मी तिला अडवलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाई घरी असल्यासारखी वागतेय. आधीच्या खेपेला दुसरीकडे हॉटेलात ठेवलं होतं तेव्हा ती तीन दिवस पाहुण्यासारखी पलंगाच्या कडेला बसून होती.

आमची बाल्कनी तळ्याकडची होती. असा व्ह्यू हवा तर पॉइंट जास्त मोजावे लागतात आणि माझ्या मते टॉवरमध्ये पैसे वसूल होतात ते इथेच; साध्या व्ह्यूच्या खोलीत उंचीचा काय उपयोग? पलीकडच्या काठावर सिंडरेलाचा किल्ला, रात्री त्यावर आतषबाजी. ती तुम्ही पाहिली असेलच. आईला आवडलं ते दुसरंच. अंधार पडल्यावर तळ्यातून दिव्यांची वरात जाते: चौदा तराफे, प्रत्येकावर दिव्यांनी काढलेला मासा, कासव, समुद्रराक्षस, आणि जुनाट सिंथेसायझरचं संगीत. 1971 पासून चालू आहे आणि दिसतंही तसंच. आई वाढली गिरगावात, चाळीच्या गॅलरीत. ती म्हणाली, "आमच्या गणपतीच्या रोषणाईत अस्साच मासा असायचा. शेपूट हलायची." मग तीन रात्री ती त्याच वेळेला खुर्ची ओढून बसली. लाँगहाऊसच्या तळमजल्यावरून हे झाडांच्या फटीतून दिसलं असतं.

बाबांना मी या तळ्याची गोष्ट सांगितली: तळं खोदलेलं आहे, आणि निघालेल्या मातीतूनच मॅजिक किंगडमखालच्या बोगद्यांभोवती भराव घातला, म्हणजे समोरचं सगळं गाव खरं तर वरच्या मजल्यावर आहे. हे ऐकल्यावर त्यांना किल्ल्यात काडीचा रस उरला नाही. मोनोरेलच्या प्रत्येक स्टेशनवर ते जमिनीची पातळी बघत होते.

त्यांनीच माझा 'थीम बिघडली' हा मुद्दाही मोडीत काढला. रात्री चहा पिताना मी त्यांना जुनी हकिगत दाखवत होते, की या रिसॉर्टच्या अगदी सुरुवातीच्या आराखड्यांत उंच टॉवरच होता, पुढे तो वगळला आणि पसरट वस्ती झाली. "मग हा जुनाच प्लॅन की," बाबा म्हणाले. "मंजुरी उशिरा मिळाली एवढंच." शिवाय मी स्वतः हवाईला जाऊन आलेय. वैकिकीच्या किनाऱ्यावर नजर टाकाल तिकडे टॉवरच टॉवर. गवती छपरांचं बेट हे पर्यटकाच्या डोक्यातलं बेट आहे, आणि पॉलिनेशियन त्या डोक्यातल्या बेटावरच बांधलंय. त्यात मला तेच हवं होतं, हा भाग वेगळा. मला खऱ्या होनोलुलूची नक्कल नको होती. मला 1971 चं स्वप्न हवं होतं, आणि ते स्वप्न लाँगहाऊसमध्येच आहे.

म्हणून माझा आक्षेप अजून आहे, फक्त जागा बदललीय. टॉवर पॉलिनेशियन दिसत नाही याचं मला आता फार वाटत नाही. तो उरलेल्या पॉलिनेशियनशी बोलत नाही, याचं वाटतं. शेजारच्या कंटेंपररी रिसॉर्टला 2009 मध्ये बे लेक टॉवर जोडला तेव्हा मूळ इमारतच उंच होती, जोड खपून गेली. इथे एका बाजूला लाकडी तुळया आणि दुसऱ्या बाजूला पांढऱ्या बाल्कन्यांच्या रांगा. दोन्हींच्या मधे जरा उंच, दाट झाडी वाढली तर दहा वर्षांत हे बरंच निवेल. फ्लोरिडात झाडं वाढायला वेळ लागत नाही.

तिसरा मुक्काम दिवाळीच्या आठवड्यातला, न्यू जर्सीहून दादा-वहिनी आणि त्यांची दोन पोरं, दोन बेडरूमचं घर. यावर फार लिहीत नाही कारण लिहिण्यासारखं घडलंच नाही, आणि एवढ्या माणसांच्या घरात दिवाळीला काही न घडणं ही काय चीज असते ते ज्याचं त्याला माहीत. चकल्या वहिनीच्या, चिवडा माझा. खोलीत ज्योत नको म्हणून बॅटरीच्या पणत्या. पोरं टॉवरच्या पूलमधून बाहेर निघेनात, जुन्या ज्वालामुखीच्या पूलकडे जायचं नावही नाही, ते मात्र मला थोडं लागलं. एका सकाळी मी त्यांना ओढत जुन्या मुख्य इमारतीत कोना कॅफेत नेलं, टोंगा टोस्ट खायला: जाड पाव, आत केळं, तळून वर दालचिनी-साखर. धाकटा म्हणाला, "आत्या, हे इथं आहे तर आपण तिकडे का राहतो?" दादाने खिडकीतून टॉवरकडे पाहिलं आणि म्हणाला, "कारण तिकडे तुझी आजी पुढच्या वर्षी पण येणार आहे."

ज्यांना विचारायचंय त्यांच्यासाठी माझं उत्तर: दोघं असाल, पॉलिनेशियनच्या प्रेमात असाल, तर टॉवरमधला ड्युओ मी सुचवणार नाही, लाँगहाऊसचा स्टुडिओ मिळेपर्यंत थांबा. आई-वडील, सासू-सासरे, तान्ही पोरं बरोबर असतील तर टॉवरमधलं एक बेडरूम डोळे मिटून घ्या, पण डोळे उघडतील तेव्हा समोर तळं असेल अशीच खोली घ्या. आणि हो, टॉवर आणि लाँगहाऊस दोन्हींना एकाच सोसायटीतले पॉइंट लागत असल्यामुळे मालकही वाढलेत; मनासारखी तारीख हवी तर अकरा महिने आधी सकाळी आठच्या ठोक्याला बसा.

आम्ही बसलोच होतो. मे महिन्यासाठी दोघांना लाँगहाऊस मिळालं. पुढच्या दिवाळीचं टॉवरमध्ये दोन बेडरूम अजून मिळायचंय, आणि बाबांनी फोनवर विचारलंय की खोली वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्टला जनरेटर बॅकअप आहे का.